बाळ पोटाशी, मग बॅग कुठं? एका डायपर बॅगेची केस

पार्श्वभूमी

मी जुळे सोलापुरात घरीच शिवणकाम करते. फॉल-पिको, ब्लाउज हे रोजचं, त्यातून वेळ उरला की बॅगा. ही केस अशाच एका बॅगेची, म्हणजे खरं तर दोन बॅगांची, कारण पहिली मी चुकवली. जिची केस आहे तिला विचारूनच लिहितेय, ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही, तिला नुसतं 'ती' म्हणते.

ती पंचविशीतली, पहिलंच बाळंतपण, ऑगस्टमध्ये मुलगी झाली. नवरा पुण्यात नोकरीला, ही सासू-सासऱ्यांजवळ सोलापूरच्याच पूर्व भागात. पुण्यात घर मिळेपर्यंत दर पंधरा-वीस दिवसांनी हुतात्मा एक्स्प्रेसनं पोरीला घेऊन हिनं एकटीनं जायचं आणि तीन-चार दिवसांनी परत यायचं असं ठरलेलं. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्या सोबत येऊ शकत नाहीत, सासरे दुकान सोडू शकत नाहीत. म्हणून नवऱ्यानं बकलवालं बेबी कॅरियर घेतलं. कमरेला रुंद पट्टा, दोन्ही खांद्यांवर फोम भरलेले जाड पट्टे आणि पाठीमागं हे दोन्ही पट्टे जोडणारं एक छोटं बकल. हे मागचं बकल लक्षात ठेवा, पुढं त्यानंच घोळ घातला.

सासूबाईंना कॅरियरचं काहीच नवल नव्हतं. "आम्ही पोराला पदरानं पाठीशी बांधायचो, मांडीवर सूप घ्यायचो आणि दिवसभर विड्या वळायचो, तुमचं काय नवीन ओ त्यात," असं त्या मला म्हणल्या. तेव्हा मी हसले. हे वाक्य मेमध्ये परत आठवलं.

अडचण

बारशात तिला एक डायपर बॅग आलेली, एका खांद्यावर अडकवायची, आत बारा-तेरा कप्पे, दिसायला एकदम भारी. घरातल्या घरात ठीक होती. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला पोरीला पोटाशी बांधून ती नणंदेबरोबर होम मैदानावर गेली आणि तिथं त्या बॅगेनं रडवलं. कॅरियरचा खांद्यावरचा पट्टा जाड आणि गोल असतो, त्याच्यावर दुसरा पट्टा राहतच नाही, चार पावलं झाली की घसरून कोपरात. मग एक हात कायम बॅग धरायला. गर्दीत पोरीचं टोपडं पडलं म्हणून ती वाकली तशी बॅग झोका खाऊन पुढं आली आणि आतली स्टीलची बाटली पोरीच्या पायाला लागली. फार लागलं नव्हतं, थोडं लाल झालं, पण आई घाबरली. (बाळ बांधलेलं असताना कमरेतून वाकायचंच नाही, गुडघ्यात बसून खालचं उचलायचं, हे कॅरियरच्या कागदावरच असतं, पण गड्ड्यात पाळणा बघत बघत कोण लक्षात ठेवतंय.)

दुसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन माझ्याकडे आली. "काकू, पट्ट्याला आतून रबर लावून द्या, घसरणार नाही असं करा."

इथं मी सरळ रबर लावून पन्नास रुपये घेतले असते तर केस तिथंच संपली असती. पण मला एक खटकलं, ती बॅग एकटी घेऊन आलेली, पोरगी घरी झोपलेली. बॅग नुसती टेबलावर ठेवून तिच्यात काय चुकतंय ते कळत नव्हतं. मी म्हणलं, उद्या पोरीला बांधून ये, बॅगेत रोज भरतेस तेवढं सगळं भरून आण, मग बघू.

दुसऱ्या दिवशी आली तेव्हा आधी आम्ही बॅग खालच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली. ५ किलो ७०० ग्रॅम! पोरगी तेव्हा साडेसहा किलोची, म्हणजे पुढं एक पोर आणि बाजूला दुसरं पोर. बाहेर काढून बघितलं तर नऊ डायपर, वाइप्सचं अख्खं पाकीट, एक लिटरची स्टीलची भरलेली बाटली, तीन झबली, दोन दुपटी, एक गोधडी (जानेवारी असला तरी गोधडी?), रबर शीट, तेलाची बाटली, पावडर, खुळखुळा, पॉवर बँक, तिची स्वतःची पर्स आणि डब्यात कडक भाकरी नि शेंगा चटणी. मी विचारलं ह्यातलं गेल्या वेळी काय काय वापरलंस, तर दोन डायपर, थोडे वाइप्स, एक झबलं आणि भाकरी.

पर्याय

तिला आधी पट्टा क्रॉस टाकायचा होता, म्हणजे एका खांद्यावरून दुसऱ्या कमरेला. घातला तर पट्टा बरोबर पोरीच्या गालाजवळून गेला, वर बॅगेच्या वजनानं कॅरियरचा एका बाजूचा खांदा खाली ओढला गेला आणि पोरगी त्या बाजूला कलली. हे मला अजिबात आवडलं नाही. बाळ बांधल्यावर तोंड कायम दिसलं पाहिजे, मान थोडी खाली केली की कपाळाची पापी घेता आली पाहिजे, आणि हनुवटी छातीला टेकता कामा नये, नाहीतर श्वासाला त्रास होतो. कलल्यावर नेमकी हनुवटीच खाली जात होती. क्रॉस पट्टा बाद. (रिंग स्लिंग, म्हणजे कड्यांतून ओवलेली एका खांद्यावरची कापडी झोळी, असती तर गोष्ट वेगळी, तिथं एकच खांदा अडकलेला असतो, दुसऱ्या खांद्यावर हलकी बॅग चालून जाते. म्हणून कुणी बॅग शिवून मागितली की आधी कॅरियर कुठलं हे विचारायला मी ह्या केसपासून शिकले.)

मग कमरेचा पाऊच. कॅरियरचा कमरेचा पट्टा जिथं बसतो तिथंच पाऊचही बसतो, एकावर एक दोन पट्टे, खाली बसलं की पोटात टोचतं. शिवाय चार तासांच्या प्रवासाचं सामान त्यात मावायचं नाही. ट्रॉली बॅग ओढत न्यायची हा सासऱ्यांचा पर्याय, प्लॅटफॉर्मपर्यंत चांगला, पण डब्याच्या पायऱ्यांवर एका हातानं दांडा धरायचा आणि दुसऱ्या हातानं ट्रॉली उचलायची, पोटाशी पोर असताना? हमाल दर वेळी मिळेल ह्याचा भरवसा नाही.

राहिली पाठीवरची सॅक. पोर पुढं, वजन मागं, तोल बरा राहतो, दोन्ही हात मोकळे. त्याला दोन अडचणी दिसत होत्याच. एक म्हणजे सॅकच्या पट्ट्यांना छातीवर जोडणारा जो क्लिप असतो तो लावता येत नाही कारण तिथं बाळ आहे. दुसरी म्हणजे काही काढायचं तर सॅक उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. तरी सगळ्यात सॅकच बरी असं आम्ही दोघींनी ठरवलं, आणि हा निर्णय बरोबर होता. चूक पुढं झाली.

पहिली बॅग

चूक अशी की मला हौस आली. सोलापूरची पोर पहिल्यांदा पुण्याला बापाकडं राहायला चाललीय, बॅग चादरीच्या कापडाची पाहिजे! जेकार्ड चादरीचं लाल-काळं कापड घेतलं, आतून अस्तर, पट्टे फोम भरून चांगले तीन इंच रुंद, बाहेर बाटलीचा कप्पा, आत सात कप्पे. बॅग अशी काय झाली की गल्लीतल्या चार बायकांनी तसलीच मागितली. रिकाम्या बॅगेचं वजन मी केलं नाही. नंतर केलं, ९५० ग्रॅम. चादर पांघरायला उबदार असते कारण तिला अंग असतं, आणि मी ते अंग एका बाळंतिणीच्या पाठीवर लादलं.

फेब्रुवारीत ती बॅग घेऊन पुण्याला गेली, परत आली ते थेट माझ्याकडे. रागावली नव्हती पण दमलेली दिसत होती.

झालं असं की फोमच्या पट्ट्यावर फोमचा पट्टा, दोन्ही गुबगुबीत, सॅकचे पट्टे सारखे बाहेरच्या बाजूला घसरायचे आणि ते धरून ठेवायला तिला दोन्ही अंगठे कायम पट्ट्यात अडकवावे लागायचे. हात मोकळे राहावेत म्हणून सॅक घेतली आणि हात त्यातच गुंतले. बॅग उंच होती, तिची वरची कड बरोबर त्या मागच्या बकलवर बसली, सोलापूर ते कुर्डूवाडी होईपर्यंत पाठीच्या मणक्यावर वळ. सीटवर बसल्यावर तरी काढून ठेवायची ना, म्हणलं तर ती म्हणाली काढता येईना, कारण घाईत घरून निघताना तिनं आधी सॅक घातलेली आणि तिच्यावरून कॅरियर! म्हणजे बॅग काढायची तर आधी पोर सोडायची, आणि पोर नुकतीच झोपलेली.

दौंड यायच्या आधी पोरीनं डायपर भरला. रबर शीट बॅगेच्या तळाशी. शेवटी पोरीला उठवून सोडलं, शेजारच्या आजींनी तिला मांडीवर घेतलं, हिनं सगळी बॅग सीटवर पालथी केली तेव्हा शीट मिळाली. डब्यातल्या टॉयलेटमध्ये बाळाला आडवं करायला जागा नसते, सीटवरच बदलावं लागतं, मांडीवर शीट टाकून, आणि अशा वेळी एका हातात चार वस्तू एकदम लागतात. सात कप्पे काय कामाचे? कुठल्या कप्प्यात काय ते मला माहीत होतं कारण मी शिवलेले. तिला नाही.

दुसरी बॅग

ह्या वेळी मी कापड हातात घ्यायच्या आधी एक काम केलं जे पहिल्यांदाच करायला पाहिजे होतं. माझ्या पोराची जुनी शाळेची सॅक घेतली, त्यात दोन किलो ज्वारी भरली, तिला पोरगी बांधायला सांगितली आणि मग सॅक. जिना चढून गच्चीवर जा, खाली ये, खुर्चीत बस, ऊठ. मी मागून खडूनं तिच्या कुर्त्यावर खुणा केल्या, बकल कुठं येतं, सॅकची वरची कड कुठं यायला पाहिजे. मग तिला म्हणलं, सॅक एका खांद्यावरून सोडून बाजूला घे आणि हात घाल, कुठपर्यंत जातो ते बघू. उजवा हात सॅकच्या बाजूच्या शिवणीपर्यंत आरामात पोचत होता, वरच्या चेनपर्यंत नाही. ही एक गोष्ट कळली आणि बॅगेचा नकाशाच बदलला.

कापड पॅराशूटचं घेतलं, राखाडी, काळं नको कारण पुढं उन्हाळा. उंची तेरा इंच ठेवली म्हणजे वरची कड बकलच्या खाली राहते. पट्टे दीड इंचाचे सपाट, फोम नाही, खाली कॅरियरचा फोम आहेच की. आणि वर दोन्ही पट्टे एकमेकांपासून फक्त दोन इंचांवर लावले, म्हणजे ते मानेजवळून उतरतात, खांद्याच्या कडेला जातच नाहीत. घसरण ह्यानंच थांबली, रबर-बिबर काही लागलं नाही. चेन उजव्या बाजूला उभी लावली, मोठ्या रनरची, रनरला नाडीचा फास, एका बोटानं ओढता यावी म्हणून. बाहेर एकही कप्पा नाही.

मधे तिनं एक आयडिया काढली, खांद्यावर टिचबटणाचं लूप लावून सॅकचा पट्टा कॅरियरच्या पट्ट्याला अडकवायचा. मी दोन दिवस विचार केला. शेवटी नाही म्हणलं. कॅरियर पोरीचं वजन धरून आहे, त्याला दुसरं काही बांधायचं नाही, आणि पोरगी गुदमरली, ओकली तर बॅग झटक्यात फेकून देता आली पाहिजे. कदाचित टिचबटण सुटलंही असतं ओढल्यावर, पण मला ते आजमावून बघायचं नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाचा भाग वेगळाच निघाला, तो म्हणजे पाऊच. बॅगेच्या आत हुकाला अडकवलेला एक पसरट पाऊच, त्यात दोन डायपर, अर्धं पाकीट वाइप्स, एक झबलं आणि घडी घातलेली चटई. चटईला वरून इथलाच टेरी टॉवेल, खालून रेक्झिन. पाऊचला मनगटात अडकवायचा पट्टा. डायपर बदलायची वेळ आली की बाजूची चेन उघडायची, पाऊच ओढायचा, बॅग बंद. खराब कपड्यांसाठी आतून प्लास्टिक लावलेली पिशवी वेगळी, कारण पुण्याहून आल्यावर लगेच धुवायला नळाला पाणी असेलच असं नाही, आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसाआड, बाळुती साठवून ठेवणं हा प्रत्येक बाळंतिणीच्या घरातला विषय आहे.

सामान काट्यावर ठेवून कमी केलं. बाटली अर्ध्या लिटरची, स्टेशनवर पाणी मिळतं. गोधडी बाद, पुण्यात दुसरी ठेवली. तेल, पावडर बाद. रिकामी बॅग २८० ग्रॅम, भरून २ किलो ६००. भाकरी-चटणी राहिली, त्यावर तडजोड नाही म्हणाली.

चादरीच्या बॅगेचे पैसे मी घेतले नाहीत. ती बॅग आता तिच्या सासऱ्यांकडे आहे, दुकानाचे हिशोबाचे कागद असतात तिच्यात.

काय झालं

मार्चच्या पहिल्या फेरीत तिनं रिक्षात बसताना, चार पुतळ्यापाशी उतरताना, स्टेशनच्या जिन्यावर बॅग कशी वागते ते बघितलं आणि फोन केला. चालताना उत्तम. रिक्षात बसताना पाठीवर ठेवली तर माणूस सीटच्या काठावर येतो आणि पोर पुढच्या दांड्याजवळ जाते, म्हणून बसायच्या आधी बॅग काढायची हा नियम तिनं स्वतः केला. घालताना कॅरियर आधी, बॅग नंतर, काढताना बॅग आधी. हे वाक्य सासूबाईंनी पाठ करून ठेवलंय, दारातून निघताना त्याच ओरडतात. (स्कूटीचं विचारलं कुणी तर सांगते, कॅरियरमध्ये बाळ घेऊन स्कूटी चालवायची नाही, मागं बसायचंही नाही. बॅग कुठलीही असो.)

ट्रेनमधे डायपर बदलणं आता तीन-चार मिनिटांचं काम झालंय, पालथी बॅग नाही, अख्ख्या डब्याला भाकरीचं दर्शन नाही.

जे मला आधी सुचलंच नव्हतं ते असं की गावातल्या गावात, तासाभराच्या कामाला, नवी पेठेत किंवा डॉक्टरकडे, ती बॅग नेतच नाही. नुसता पाऊच मनगटात. महिन्यातले पंचवीस दिवस तिला पाऊचच लागतो आणि सॅक पाच दिवस. आणि मी अख्खं डोकं सॅकवर लावत बसलेले.

मग उन्हाळा आला. पारा ४२ च्या वर, पुढं पोर, मागं बॅग, दोन्हीकडून घाम. पोरगी नऊ महिन्यांची झालेली, मान कधीच धरलेली, नीट बसत होती, वजन साडेआठ किलो, पुढं बांधली की हिला पायाखालचं दिसेना. म्हणून तिनं पोरीला पाठीवर बांधायला सुरुवात केली, आधी घरात सासूबाईंसमोर, गादीच्या कडेला उभं राहून. आणि पोर मागं गेली की सॅक कुठं जाणार? पाठ संपली! बॅग पुढं पाहिजे. पोर पाठीशी, काम मांडीवर. सूप.

सुदैवानं मी पट्टे हुकाचे केलेले, धुवायला सोपे पडावेत म्हणून, दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. एक पट्टा काढून टाकला, दुसरा आडवा लावला, बॅग पोटावर तिरकी. पुढं पोर नसल्यानं पट्टा गालाला लागायचा प्रश्नच नाही. म्हणजे जो क्रॉस पट्टा जानेवारीत मी बाद केला तोच मेमध्ये चालला. फक्त चेन चुकीच्या बाजूला आली, डाव्या हातानं उघडावी लागते.

परत करायचं झालं तर

आधी पाऊच शिवेन. पंधरा दिवस नुसता पाऊच आणि घरातली कुठलीही जुनी सॅक वापरायला सांगेन, मग नवी बॅग लागते का ते बघू. ह्यात माझा धंदा कमी होतो, माहितीये.

दुसरं, बाळ आत्ता किती महिन्यांचं ह्याच्यापेक्षा अजून चार महिन्यांनी कुठं बांधलेलं असेल ते विचारेन. पाच महिन्यांच्या पोरीसाठी बॅग मापून दिली आणि नऊ महिन्यांच्या पोरीनं ती उलटीपालटी करून टाकली. चेन दोन्हीकडून उघडणारी, दोन रनरची लावली असती तर डाव्या हाताचा त्रास वाचला असता, पंधरा रुपयांचा रनर.

तिसरं, नवऱ्याला एकदा तरी बोलवायला पाहिजे होतं. पुण्यात कॅरियर तोच घालतो, सहा फूट माणूस, बॅग त्याच्या पाठीवर खेळण्यातली दिसते आणि पट्टे त्याला अपुरे. ते मी नंतर सहा-सहा इंच वाढवून दिले, पण जोड दिसतो.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू झालं, नाचणीच्या सत्त्वाला गरम पाणी लागतं, म्हणून तिला थर्मासला बाहेरून कप्पा पाहिजे होता. गरम पाणी बाळाच्या आसपास लटकवायला मी तयार नाही, आणि बॅगेत आत, डायपरशेजारी ठेवणं तिला पटत नाही. दोघीही हटलो नाही. परवा ती पुण्याला निघाली तेव्हा रिक्षापर्यंत सोडायला गेले, पोर पाठीवर, बॅग पोटावर, दोन्ही हात मोकळे, आणि डाव्या कोपरात कापडी पिशवी, पिशवीत थर्मास.